गणक, नमुना आणि संहिता

नकाशाचा इतिहास बहुधा शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी कोणता किनारा प्रथम पाहिला, कोणी कोणत्या शिखराची उंची ठरविली, कोणाच्या नावावर कोणती रेषा चढली, अशा प्रश्नांभोवती तो फिरतो. नकाशा प्रत्यक्ष तयार होताना मात्र जे काम चालते, त्याचा फार मोठा भाग पुनरावृत्तीचा असतो. तीच साखळी, तोच गुणाकार, तीच चौकट, एका गावानंतर दुसऱ्या गावाचे नाव. या कामाला नायक नसतो, म्हणून त्याचा इतिहासही सहसा सांगितला जात नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही या पुनरावृत्तीकडे पाहू इच्छितो. आज नकाशे संगणकावर तयार होतात आणि त्यांतील कंटाळवाणे, तेच ते काम पायथन या भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्यांवर सोपविले जाते. या आज्ञावलीला इंग्रजीत ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. नाटकाच्या बाबतीत याच शब्दासाठी आपल्याकडे ‘संहिता’ हा शब्द रुळलेला आहे, आणि आम्हांला तो येथेही योग्य वाटतो. प्रयोग कितीही होवोत, ते ज्या लिखित मजकुरावरून होतात तो मजकूर म्हणजे संहिता. नकाशाच्या क्षेत्रात पुनरावृत्तीचे काम माणसाच्या हातून अशा लिखित मजकुराकडे कसे गेले, हा आमचा विषय आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारणही हेच: मजकूर आला की वाचनाचा प्रश्न आला.

१

प्रारंभ दख्खनपासून करू. पेशवाई संपल्यानंतर कंपनी सरकारला शेतसाऱ्याची आकारणी नव्याने करावयाची होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने त्यासाठी एक तात्त्विक दृष्ट्या मोठी शुद्ध पद्धत आखली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचा वाटा म्हणून ठरवायचे. इंदापूर तालुक्यात ही आकारणी १८३० मध्ये लागू झाली. मोजणी सदोष होती, जमिनीच्या प्रतींविषयीची माहिती विश्वासार्ह नव्हती आणि उत्पन्नाचे अंदाज प्रत्यक्षापासून दूर होते. एका शेताच्या बाबतीत अशी चूक झाली असती तर तक्रार होऊन ती मिटली असती. नियम मात्र सर्वत्र एकच होता, त्यामुळे चूकही सर्वत्र पोहोचली. सारा झेपेना, म्हणून शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि त्यांच्यासोबत जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच फेरआकारणी सुरू केली. त्यांच्या अनुभवातून १८४७ चा ‘जॉइंट रिपोर्ट’ तयार झाला. त्यावर गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या सह्या आहेत. या अहवालातील प्रतबंदीचे नियम आज वाचले तर एखाद्या आज्ञावलीसारखे दिसतात. शेताची आकृती काढायची आणि तिचे भाग पाडायचे. प्रत्येक भागातील मातीचा प्रकार आणि खोली पाहायची. मातीत वाळू, चुनखडी, उतार, पाणथळपणा असे दोष असतील तर त्यांची ठरलेली चिन्हे त्या भागात मांडायची. दोषाच्या प्रत्येक चिन्हासरशी जमीन एक प्रत खाली जायची. एकूण प्रती नऊ, आणि त्यांची सापेक्ष किंमत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत उतरत गेलेली. शेवटी भागांची सरासरी काढली की शेताची प्रत ठरली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नवी पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा तत्त्वतः कमी महत्त्वाकांक्षी होती. ती निव्वळ उत्पन्नाचा शोध घेत नव्हती. कारकुनाला डोळ्यांनी दिसेल आणि हाताने मोजता येईल एवढेच विचारत होती. शिवाय कारकुनाने केलेल्या कामातील काही शेते वरिष्ठ अधिकारी स्वतः पुन्हा तपासत. आकृतीत चिन्हे मांडलेली असल्यामुळे निर्णय कोठे आणि कशामुळे झाला, हे दुसऱ्याला पाहता येत असे. नियम अनेकांच्या हातून चालवायचा असेल तर त्याची प्रत्येक पायरी दुसऱ्याला वाचता आली पाहिजे, ही जाण आम्हांला या अहवालात दिसते. तो सरकारी महसुलाचा दस्तऐवज आहे, न्यायाची सनद नव्हे, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही प्रिंगलचे कोष्टक आणि गोल्डस्मिड-विंगेटची आकृती यांतील अंतर आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. पुढील पावणेदोनशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा आडवे येते.

२

याच काळात देशभर दुसरे एक मोजमाप चालू होते. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले. दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी वर सरकवीत तो विदर्भापर्यंत आला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला मरण पावला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी हिमालयाच्या पायथ्याशी नेली.

डोंगरमाथ्यावर कोन मोजला की क्षेत्रावरचे काम संपे. हिशेबाचे मात्र तेथून सुरू होई. प्रत्येक त्रिकोणाला तेच सूत्र, तीच लॉगॅरिदमची कोष्टके, त्याच दुरुस्त्या. हे करणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘कंप्यूटर’ म्हणत. आज यंत्रासाठी वापरला जाणारा हा शब्द तेव्हा एका हुद्द्याचे नाव होते. आपल्या भाषेत ‘गणक’ हा शब्द ज्योतिषाचे गणित करणाऱ्यासाठी फार पूर्वीपासून होता. पुढे ‘सम्’ हा उपसर्ग लागून त्यातूनच यंत्राला ‘संगणक’ हे नाव मिळाले. दोन्ही भाषांमध्ये यंत्राने माणसाचे पदनाम उचलले आहे.

या गणकांपैकी एक राधानाथ शिकदार. जन्म १८१३ चा, शिक्षण कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात. १८३१ मध्ये ते सर्वेक्षणात दाखल झाले आणि पुढे मुख्य गणक झाले. हिमालयातील ‘पीक १५’ या शिखराची निरीक्षणे १८४९-५० मध्ये दूरच्या अनेक ठाण्यांवरून घेतली गेली. हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती प्रत्येक निरीक्षणाला वेगळी करावी लागते. त्या सर्व हिशेबांनंतर २९,००२ फूट ही उंची निघाली आणि १८५६ मध्ये ती जाहीर झाली. शिखराला नाव मिळाले ते निवृत्त अधिकाऱ्याचे. मुख्य गणकाचे नाव पाठ्यपुस्तकांतील एका आख्यायिकेत उरले.

त्याहून बोलकी गोष्ट एका पुस्तकाची आहे. भारतातील सर्वेक्षणाची इंग्रजी हस्तपुस्तिका १८५१ मध्ये निघाली. स्मिथ आणि थुइलिए हे तिचे संपादक. तिच्यातील गणिती भागासाठी शिकदारांनी केलेल्या कामाचा उल्लेख पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत होता. १८७० मध्ये शिकदार वारले. १८७५ मध्ये तिसरी आवृत्ती आली. मजकूर राहिला, नाव गेले. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रातून त्याचा कडक निषेध झाला. म्हणजे त्या काळीही ही गोष्ट कोणाच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

साहित्याच्या वाचकांना आणखी एक तपशील सांगितला पाहिजे. याच शिकदारांनी प्यारीचाँद मित्र यांच्यासह १८५४ मध्ये ‘मासिक पत्रिका’ हे बंगाली नियतकालिक काढले. संस्कृतप्रचुर गद्य ज्यांच्या आवाक्यात नव्हते, विशेषतः स्त्रिया, त्यांना वाचता यावे म्हणून ते मुद्दाम बोलीच्या जवळच्या भाषेत चालविले गेले. बंगाली कादंबरीच्या आरंभकाळातील ‘आलालेर घरेर दुलाल’ त्यातूनच क्रमशः आली. दिवसभर सूत्रांची पुनरावृत्ती करणारा गणक आपला मोकळा वेळ मजकूर सुवाच्य करण्यात घालवीत होता, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. सूत्र एकाने लिहावयाचे आणि अनेकांनी चालवायचे, तर ते समजेल असे लिहिले पाहिजे, हे त्या कार्यालयात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

३

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गणकाची खुर्ची यंत्राकडे गेली. अमेरिकेत हॉवर्ड फिशर यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात ‘सिमॅप’ ही आज्ञावली तयार झाली. त्यासाठी १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक प्रयोगशाळाच उभी राहिली. सिमॅपचे नकाशे साध्या ओळ-मुद्रकावर छापले जात. या मुद्रकाला रेघ काढता येत नव्हती, फक्त अक्षरे छापता येत. म्हणून जेथे गडद छटा हवी तेथे एकाच जागी एकावर एक अशी अनेक अक्षरे छापत. संगणकाच्या आरंभीच्या नकाशांपैकी बरेचसे असे अक्षरांचेच बनलेले होते.

त्याच सुमारास कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्यापुढे वेगळा प्रश्न होता. देशभरच्या जमिनीच्या वापराचे हजारो नकाशे एकमेकांवर ठेवून तुलना करावयाची होती. हाताने हे काम करायला शेकडो तंत्रज्ञ लागले असते आणि तेवढी माणसे उपलब्ध नव्हती. या अडचणीतून कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली जन्मली. आज जिला आपण सरसकट ‘जीआयएस’ म्हणतो, तिचा उगम असा पुनरावृत्तीच्या ओझ्यात आहे.

१९८२ मध्ये एस्री या संस्थेचे ‘आर्क/इन्फो’ बाजारात आले. सर्व काम आज्ञा टंकून होत असे. त्याच त्या आज्ञा रोज टंकण्याचा कंटाळा स्वाभाविक होता, म्हणून त्या एका धारिकेत लिहून ठेवण्यासाठी ‘एएमएल’ ही भाषा त्याला जोडली गेली. नंतरच्या ‘आर्कव्ह्यू’साठी ‘अ‍ॅव्हेन्यू’ नावाची आणखी एक भाषा आली. या भाषा कामाच्या होत्या, परंतु त्या त्या सॉफ्टवेअरच्या चार भिंतींतच बोलल्या जात. सॉफ्टवेअर मागे पडले की भाषा मरत असे, आणि तिच्यात लिहिलेले सगळे काम तिच्याबरोबर जात असे.

४

पायथन ही भाषा नकाशासाठी जन्मलेली नव्हे. १९८९ च्या नाताळाच्या सुटीत ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिडो फान रॉसम यांनी ती हाती घेतली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. नाव घेतले ते ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. या भाषेत विधानांचे गट कंसांनी बांधले जात नाहीत. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे समासापासून किती जागा सोडली यावरून ठरते. छापील कवितेत आत सरकवून छापलेल्या ओळीला जसा अर्थ असतो, तसा येथे रिकाम्या जागेलाही व्याकरणाचा दर्जा आहे. लिहिलेली आज्ञावली लिहिणाऱ्याखेरीज इतरांनाही वाचता यावी, हा आग्रह या रचनेच्या मुळाशी आहे.

२००४ मध्ये आर्कजीआयएसच्या नवव्या आवृत्तीत पायथनला प्रवेश मिळाला आणि २०१० मध्ये दहाव्या आवृत्तीबरोबर ‘आर्कपाय’ हा स्वतंत्र संच आला. दुसऱ्या बाजूला, गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरला २००७ मध्ये पायथन जोडले गेले. विकत घ्यावे लागणारे आणि फुकट मिळणारे, अशा दोन्ही दालनांत एकच भाषा चालू लागली. एएमएल आणि अ‍ॅव्हेन्यू यांच्या मानाने हा मोठा बदल होता. नकाशाकाराची संहिता प्रथमच एका सार्वजनिक भाषेत आली.

अर्थात सार्वजनिक भाषाही बदलते. २००८ च्या अखेरीस पायथनची तिसरी आवृत्ती आली. ती दुसरीशी पूर्णपणे सुसंगत नव्हती. अगदी पडद्यावर शब्द उमटविण्याच्या साध्या आज्ञेचेही रूप पालटले. क्यूजीआयएस २०१८ मध्ये तिसऱ्या पायथनवर गेले आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्याचा सांभाळ थांबला. जुन्या संहिता नव्या व्याकरणात उतरवून घ्याव्या लागल्या. ज्यांच्या लेखकांनी मध्ये मध्ये साध्या भाषेत टीपा लिहिल्या होत्या त्या सुखाने उतरल्या. बाकीच्यांचा अर्थ जुन्या मोडीच्या कागदासारखा लावीत बसावे लागले.

५

अशी संहिता नेमके काय करते, हे एका उदाहरणाने पाहू. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याचा एक, याप्रमाणे २०११ च्या जनगणनेवर आधारलेले नकाशे काढायचे आहेत. हाताने करायचे तर जिल्ह्याची सीमा निवडा, चौकट तिच्यावर आणा, शीर्षक बदला, सूची आणि प्रमाणपट्टी तपासा, पीडीएफ काढा. आणि हे जिल्ह्यागणिक पुन्हा. पायथनमध्ये ‘यादीतील प्रत्येक जिल्ह्यासाठी’ अशा अर्थाची एक ओळ लिहायची आणि तिच्या पोटात या पाच पायऱ्या एकदाच मांडायच्या. एक अख्खा दिवस काही मिनिटांवर येतो. हाताने काम करणारा विसाव्या नकाशाशी थकतो, एखाद्या शीर्षकात मागच्या जिल्ह्याचे नाव राहून जाते. संहिता थकत नाही. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे ढोंगीपणाचे होईल.

आता अडचण पाहा. जनगणनेचे आकडे सीमांच्या नकाशाला जोडायचे, तर दोन्हींमध्ये समान असे काहीतरी लागते. सहज सुचते ते जिल्ह्याचे नाव. परंतु जनगणनेच्या रोमन तक्त्यात बीडचा ‘बी’ ऱ्हस्व आहे, रायगडचे ‘रायगढ’ झाले आहे, बुलढाण्यातील ‘ढ’चा ‘ड’ झाला आहे. सीमांच्या धारिकेत याच नावांची वेगळी रूपे असू शकतात. त्यानंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. माणसाला ही एकाच जागेची दोन नावे आहेत हे कळते. संहितेला एका अक्षराचा फरकही परका वाटतो. जेथे नाव जुळत नाही तेथे ती आकडा रिकामा सोडते आणि पुढच्या जिल्ह्याकडे वळते. रिकामी जागा नकाशावर निदान पांढरी दिसते. परंतु पुढे कोठे अडू नये म्हणून ‘रिकामे असेल तेथे शून्य भर’ अशी एक निरुपद्रवी ओळ कोणी आधीच लिहून ठेवली असेल, तर बीड सर्वांत खालच्या गटात रंगते. माहिती जुळली नाही, एवढीच मूळ गोष्ट. नकाशा वाचणाऱ्याला मात्र दिसते ते त्या जिल्ह्याचे मागासलेपण.

म्हणून जाणकार नावांऐवजी जनगणनेचे क्रमांक वापरतात. २०११ मध्ये महाराष्ट्राला ४९७ ते ५३१ असे ३५ क्रमांक होते, नंदुरबारपासून सांगलीपर्यंत. क्रमांकाने नावांचा गोंधळ मिटतो, काळाचा मिटत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. जुने आकडे नव्या सीमांना जोडले तर पालघर रिकामा राहतो, हे चटकन दिसते. ठाण्याचे काय होते ते चटकन दिसत नाही. २०११ च्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आणि क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर होते. घनता दर चौरस किलोमीटरला १,१५७. विभाजनानंतर ठाण्याकडे ४,२१४ चौरस किलोमीटर उरले. संहिता जुनी लोकसंख्या नव्या क्षेत्रफळाने इमानेइतबारे भागते आणि घनता सुमारे २,६२५ काढते. पालघरचे तालुके वजा करून तीच जनगणना मोजली तर आकडा सुमारे १,९१५ यायला हवा. संहिता कोठेही अडत नाही, तांबडे अक्षर उमटत नाही, छत्तीस सुबक पीडीएफ तयार होतात.

प्रिंगलचे इंदापूर येथे आठवते. तेथेही भागाकार चुकलेला नव्हता. कशाला कशाने भागायचे, हे चुकले होते. यंत्राने पुनरावृत्तीचे श्रम काढून घेतले, निर्णय काढून घेतले नाहीत. पूर्वी हे निर्णय छत्तीस वेळा, थोडे थोडे, आरेखकाच्या हाताशी होत. पालघरचे नाव लिहिताना त्याला थबकायला जागा होती. आता ते सगळे एकाच वेळी, काम सुरू होण्यापूर्वी, संहितेच्या चार ओळींत होतात. त्या ओळी कोणी वाचल्या नाहीत, तर त्यानंतर थबकणारे कोणी उरत नाही.

६

या इतिहासातून पुनरावृत्ती हाताकडे परत न्यावी असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. राधानाथ शिकदारांसारख्या बुद्धीचा माणूस वर्षानुवर्षे लॉगॅरिदमच्या कोष्टकांत गुंतून राहावा, असे कोणाला वाटेल? प्रश्न वाचलेल्या वेळाचा आहे. एका दिवसाचे काम काही मिनिटांत झाले, तर उरलेल्या वेळातील तासभर संहिता वाचण्यात आणि चार जिल्हे हाताने तपासण्यात जावा, एवढी अपेक्षा १८४७ च्या अहवालातही होती.

वाचनाची ही शिस्त साहित्याच्या विद्यार्थ्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानांवर मुख्य पाठाखाली पाठभेद दिलेले असतात. कोणत्या हस्तलिखितात काय आहे आणि संपादकांनी काय स्वीकारले, हे वाचकाला पडताळता येते. आज्ञावल्यांच्या जगात २००५ पासून वापरात आलेले ‘गिट’ जवळजवळ हेच काम करते. कोणती ओळ कोणी, कधी बदलली आणि त्या वेळी बदलाचे कोणते कारण लिहिले, हे त्यात नोंदलेले राहते. नोंद ठेवली असेल तर ‘रिकाम्या जागी शून्य’ ही ओळ कोठून आली हे सापडते, आणि ज्याने नावांऐवजी क्रमांक घेतले त्याचे श्रेयही सापडते. १८७५ ची तिसरी आवृत्ती ज्या सहजतेने निघाली, त्या सहजतेने अशा संहितेतून नाव गाळता येत नाही.

तरीही नोंद म्हणजे वाचन नव्हे. पाठभेद छापलेले असतात. ते पाहणारा अभ्यासक हवा असतो. आपले जिल्हे, आपली गावे आणि त्यांची नावे आता बऱ्याच अंशी अशा संहितांतून रंगून आपल्यापुढे येतात. त्यांवरून दवाखाने कोठे हवेत, पाणी कोठे कमी आहे, मदत कोणाला आधी, असे निर्णय होतात. हे मजकूर तंत्रज्ञांचे आहेत म्हणून ते आपले नव्हेत, असे भाषेच्या अभ्यासकांनी मानू नये. ‘बीड’मधील एक ऱ्हस्व-दीर्घ जिल्ह्याचा रंग बदलू शकतो, हे कळायला पायथन यावेच लागते असे नाही. शुद्धलेखनाची काळजी करणाऱ्याला ते सर्वांत आधी कळेल.